एका गाण्याच्या अनेक तबकड्या

ज्याला आपण सहजपणे एक ध्वनिमुद्रिका म्हणतो ती वास्तविक एकच वस्तू नसते. एक गाणे, एक कंपनी आणि एक क्रमांक यांच्या आश्रयाने वर्षानुवर्षे निरनिराळ्या साच्यांतून, निरनिराळ्या कारखान्यांतून आणि क्वचित निरनिराळ्या मूळ फितींवरूनही निघालेल्या असंख्य तबकड्यांचा तो एक गोतावळा असतो. या गोतावळ्यातील अमुक तबकडी केव्हा निघाली, कोणत्या साच्यातून दाबली गेली आणि तिच्यावर नेमके कोणते ध्वनिमुद्रण आहे, हे ती हातात घेऊन सांगता येणे हीच प्रेसिंगांच्या, म्हणजे अशा निरनिराळ्या वेळी दाबलेल्या आवृत्त्यांच्या, संग्रहाची खरी विद्या होय; आणि ज्याला ती अवगत नाही त्याच्या कपाटात शेकडो तबकड्या असल्या तरी त्याला खरेदीदार म्हणता येईल, संग्राहक म्हणता येणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. डोळे, कान, एक चांगले भिंग आणि एक नोंदवही एवढ्या भांडवलावर ही विद्या कोणालाही साध्य होते. ती कशी साधावी याचे दिग्दर्शन करताना मी मुख्यतः इंग्लंडातील बीटल्स या मंडळीच्या, पार्लोफोनच्या नाममुद्रेखाली निघालेल्या सिंगलांचा, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणे असलेल्या छोट्या तबकड्यांचा, आधार घेणार आहे. कारण त्यांच्याइतका बारकाईने तपासला गेलेला आणि नव्या माणसाला इतके शिकविणारा दुसरा संच पॉप संगीताच्या इतिहासात सापडणे कठीण.

मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची सात इंची तबकडी अमेरिकेत आर.सी.ए. व्हिक्टर कंपनीने १९४९ साली बाजारात आणली, आणि पुढल्या दहा-बारा वर्षांत तिने अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीला पाश्चात्त्य देशांतून जवळजवळ हद्दपार केले. तिच्या निर्मितीचा क्रम एकदा नीट ध्यानी घेतला की पुढचे सारे विवेचन सुगम होते. फितीवरील ध्वनिमुद्रण प्रथम लॅकरचा लेप दिलेल्या धातूच्या चकतीवर कोरतात. त्या चकतीवरून धातूचा उलटा ठसा काढतात, त्याला मास्टर म्हणतात. मास्टरवरून पुन्हा सुलटा ठसा निघतो, तो मदर. आणि मदरवरून जो उलटा ठसा काढून यंत्रात बसवितात तो स्टॅम्पर. दोन बाजूंच्या दोन स्टॅम्परांमध्ये तापलेल्या व्हिनाइलचा गोळा व दोन्ही लेबले ठेवून दाब दिला की तबकडी तयार होते. स्टॅम्पर वापराने झिजतो, म्हणून खपाच्या गाण्याला एका मदरपासून अनेक स्टॅम्पर, एका मास्टरपासून अनेक मदर, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर नव्याने कोरलेली लॅकर-चकती, अशी पिढी-दरपिढी वाढवावी लागते. व्यवस्थित कारखान्यात या प्रत्येक पायरीचा क्रमांक तबकडीवर उमटतो, आणि संग्राहकाचा सर्वांत भरवशाचा पुरावा तोच असतो.

नवशिक्याने पहिली तजवीज करावयाची ती मर्यादेची. साठीच्या दशकातील सर्व पॉप सिंगल जमवीन असा संकल्प करणाऱ्याचा पैसा तर जातोच, पण त्याहून वाईट म्हणजे त्याचे लक्ष विखुरते आणि तबकडी वाचण्याची सवय त्याला कधीच जडत नाही. त्यापेक्षा एकच गाणे निवडावे, त्याच्या एकाच देशातील साऱ्या प्रेसिंगांचा माग काढावा, आणि ते काम पुरते हातात आल्यावरच दुसऱ्या देशाकडे अथवा दुसऱ्या गाण्याकडे वळावे. निवडलेले गाणे आपल्याला मनापासून आवडणारे असावे, हे सांगण्याचे कारण इतकेच की ते पुढे पुष्कळदा आणि फार लक्षपूर्वक ऐकावे लागते.

मी ‘लव्ह मी डू’ हे गाणे सुचवितो. बीटल्सचे पार्लोफोनवरील हे पहिले सिंगल ५ ऑक्टोबर १९६२ रोजी आर ४९४९ या क्रमांकाने निघाले आणि त्या वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश खपाच्या यादीत सतराव्या स्थानापर्यंत चढले. या गाण्याच्या पोटात जो इतिहास दडला आहे तो प्रेसिंगांच्या अभ्यासासाठी मुद्दाम घडविल्यासारखा आहे. पार्लोफोनचे प्रमुख जॉर्ज मार्टिन यांच्या देखरेखीखाली लंडनच्या ॲबी रोड येथील, पार्लोफोनची मालक असलेल्या ई.एम.आय. कंपनीच्या स्टुडिओत हे गाणे ४ सप्टेंबर १९६२ रोजी ध्वनिमुद्रित झाले तेव्हा ड्रमवर नुकताच मंडळीत दाखल झालेला रिंगो स्टार होता. परंतु ड्रमविषयी समाधान न झाल्यामुळे ११ सप्टेंबरला पुन्हा ध्वनिमुद्रण करण्यात आले, आणि त्या वेळी अँडी व्हाइट नावाच्या धंदेवाईक वादकाला ड्रमवर बसवून रिंगोच्या हाती टँबुरीन, म्हणजे आपल्या खंजिरीच्या जातीचे वाद्य, देण्यात आले. पहिल्या सिंगलवर घातले गेले ते रिंगोचे, ४ सप्टेंबरचे ध्वनिमुद्रण. मार्च १९६३ मध्ये निघालेल्या ‘प्लीज प्लीज मी’ या दीर्घमुद्रिकेवर मात्र अँडी व्हाइटचे घेण्यात आले, आणि पुढे १९७६ साली ई.एम.आय.ने बीटल्सची सारी जुनी सिंगल हिरव्या वेष्टनांत नव्याने काढली तेव्हा सिंगलवरही तेच आले. दुसऱ्या बाजूचे ‘पी. एस. आय लव्ह यू’ हे ११ सप्टेंबरचेच असल्यामुळे १९६२ च्या एकाच तबकडीवर दोन बाजूंना दोन निराळे ड्रमवादक ऐकू येतात.

ही तबकडी हाती आली की प्रथम लेबल वाचावे. १९६२ च्या प्रतीचे लेबल लाल असून अक्षरे रुपेरी आहेत. १९६३ च्या प्रारंभी पार्लोफोनने आपल्या पॉप सिंगलांचे लेबल काळे केले, त्यामुळे जानेवारी १९६३ मध्ये निघालेले ‘प्लीज प्लीज मी’ आधी लाल व लगोलग काळ्या अशा दोन्ही लेबलांवर सापडते, आणि ‘लव्ह मी डू’च्या नंतर दाबलेल्या प्रतीही काळ्याच असतात. पण केवळ रंगावर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे, कारण जुन्या लेबलांच्या हुबेहूब प्रतिकृती कंपनीने स्वतःच पुढे वर्धापनांच्या निमित्ताने काढल्या आहेत. रंगापेक्षा लेबलावरचा बारीक मजकूर अधिक सत्य सांगतो. कडेने गोल फिरणारी कायद्याची ओळ साठीच्या दशकाच्या पूर्वार्धात पार्लोफोन कंपनीच्या नावाने सुरू होते. १९६५ च्या सुमारास त्या जागी ई.एम.आय.चीच घटक असलेल्या ग्रामोफोन कंपनीचे नाव येते. ब्रिटनमधील विक्री ठरलेल्या किमतीच्या अटीला अधीन आहे असे बजावणारे एक वाक्य लेबलावर १९६४ च्या सुमारास अवतरते आणि दशकाच्या अखेरीस नाहीसे होते. तेव्हा ‘लव्ह मी डू’च्या एखाद्या प्रतीवर ते वाक्य आढळले तर विक्रेता काहीही म्हणो, ती प्रत १९६२ ची असणे शक्य नाही. दशकाच्या शेवटाकडे लेबलावर ई.एम.आय. ही अक्षरे चौकटीत येऊ लागतात, आणि तशी चौकट असलेली प्रत तर उघडच उत्तरकालीन होय.

आणखी एक खूण फार मनोरम आहे आणि ती बहुतेकांच्या नजरेतून निसटते. त्या काळी ब्रिटनमध्ये तबकड्यांवर खरेदी-कर असे, आणि कोणत्या दराने कर भरला गेला याची निशाणी म्हणून कारखान्यात मधल्या छिद्राजवळ लेबलाच्या कागदावर झेड टी, के टी, एम टी अशी दोन अक्षरे ठोकीत. शाई नसल्यामुळे ती सरळ पाहता दिसत नाहीत. लेबल प्रकाशाला तिरके धरले की उठावाने दिसतात. कराचे दर बदलत गेले तशी अक्षरेही बदलत गेली, त्यामुळे एकाच गाण्याच्या दोन प्रतींवर निराळी अक्षरे असली तर त्या निराळ्या काळी दाबल्या गेल्या असे मानण्यास आधार मिळतो. १ एप्रिल १९७३ पासून तो कर जाऊन त्या जागी मूल्यवर्धित कर आला आणि ही अक्षरे उमटविण्याचे प्रयोजनच संपले. सरकारच्या वसुलीखात्याने नकळत संग्राहकांची अशी मोठी सोय करून ठेवली आहे.

लेबल झाल्यावर त्याच्या आणि शेवटच्या खाचेच्या मध्ये जो गुळगुळीत पट्टा असतो, ज्याला संग्राहक डेड वॅक्स म्हणतात, त्याकडे वळावे. यासाठी खिडकीजवळ बसावे, तबकडी दोन्ही तळव्यांत कडांनी धरावी, आणि प्रकाश पट्ट्यावरून घसरत जाईल अशा बेताने ती हळूहळू फिरवावी; अंक व अक्षरे आधी अंधुक आणि मग एकदम स्पष्ट दिसू लागतात. ई.एम.आय.च्या मिडलसेक्स परगण्यातील हेज येथील कारखान्याची पद्धत मोठी शिस्तीची होती. मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे त्या बाजूच्या कोरणीचा क्रमांक, घड्याळातील सहाच्या जागी असतो, ‘लव्ह मी डू’च्या बाजूला तो ७ एक्स सी ई १७१४४ आणि मागल्या बाजूला १७१४५ असून त्याच्यापुढे १ एन असा प्रत्यय असतो, ज्याचा अर्थ ही पहिली कोरणी होय, दुसऱ्यांदा कोरले असते तर २ एन झाले असते. तो क्रमांक आपल्याकडे करून तबकडी धरली म्हणजे डाव्या हाताला, नऊच्या जागी, मदरचा अंक सापडतो, आणि उजव्या हाताला, तीनच्या जागी, स्टॅम्परची अक्षरे.

ही अक्षरे म्हणजे अंकच आहेत. ग्रामोफोन कंपनीने आपल्या नावातून दहा निरनिराळी अक्षरे घेऊन त्यांना क्रमाने अंक दिले: जी म्हणजे एक, आर दोन, ए तीन, एम चार, ओ पाच, पी सहा, एच सात, एल आठ, टी नऊ आणि डी शून्य. समजा एखाद्या प्रतीच्या डावीकडे १ आणि उजवीकडे जी एल असे दिसले, तर ती बाजू पहिल्या मदरपासून काढलेल्या अठराव्या स्टॅम्परने दाबलेली. आर डी दिसले तर विसाव्या. आणि एकटा जी असेल तर पहिल्याच. दोन्ही बाजूंचे स्टॅम्पर स्वतंत्रपणे झिजत व बदलले जात असल्यामुळे मागल्या बाजूची अक्षरे निराळी निघतात, आणि दोन्ही बाजू वाचल्याखेरीज नोंद पुरी झाली असे मानू नये. एवढी दहा अक्षरे पाठ झाली की ई.एम.आय. कुलातील त्या काळच्या कोणत्याही ब्रिटिश तबकडीची वंशावळ क्षणार्धात वाचता येते. पार्लोफोनच काय, कोलंबिया आणि हिज मास्टर्स व्हॉइस यांच्या सिंगलांनाही तीच किल्ली लागते. दूरच्या विक्रेत्याकडून तबकडी मागविताना लेबलाच्या छायाचित्राबरोबर या पट्ट्याचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र आग्रहाने मागावे. जो ते देण्यास टाळाटाळ करतो त्याच्याशी व्यवहार न करणेच श्रेयस्कर.

मात्र येथे एक इशारा द्यावासा वाटतो. १ आणि जी ही जोडी दिसली की पुष्कळांना हर्ष होतो आणि विक्रेतेही तिच्या नावावर किंमत चढवितात. परंतु लहान अंक म्हणजे नेहमीच आधीची तारीख असे होत नाही. मोठ्या मागणीच्या वेळी अनेक यंत्रे एकाच वेळी चालत आणि अनेक स्टॅम्पर एकदमच कामाला जुंपलेले असत. बीटल्सच्या ऐन भरात, म्हणजे ऑगस्ट १९६३ च्या ‘शी लव्हज यू’पासून पुढे, मागणी इतकी अफाट होती की ई.एम.आय.ला काही तबकड्या अन्य कारखान्यांकडून करारावर दाबून घ्याव्या लागल्या, आणि तशा प्रतींची लेबले व कडा किंचित निराळ्या दिसतात. शिवाय स्टॅम्पर झिजत आला असता दाबलेली प्रत, मग तिची वंशावळ कितीही उच्च असो, ऐकण्याच्या दृष्टीने दुय्यमच असते. तेव्हा अंकांचा उपयोग प्रती ओळखण्यासाठी व परस्परांशी ताडून पाहण्यासाठी करावा. गुणवत्तेचा दाखला म्हणून त्यांच्याकडे पाहू नये.

गुणवत्तेचा आणि कित्येकदा ओळखीचाही अंतिम निवाडा कानांनीच होतो. ‘लव्ह मी डू’ लावून खंजिरी ऐकू येते का, एवढेच पाहावे. आली तर ड्रमवर अँडी व्हाइट, न आली तर रिंगो. ही परीक्षा इतकी सोपी असूनही तिचे महत्त्व केवढे आहे हे २०१२ साली दिसून आले. त्या वर्षी या सिंगलच्या पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त मूळ तबकडीची प्रतिकृती काढण्यात आली, पण तिच्यावर अँडी व्हाइटचे ध्वनिमुद्रण गेल्याचे ध्यानात येताच कंपनीला ती परत मागवावी लागली. लेबल बरोबर, क्रमांक बरोबर, आणि गाणे मात्र दुसरे! म्हणून काळ्या लेबलाची किंवा नंतरची कोणतीही प्रत घेताना तिच्यावरचे ध्वनिमुद्रण लेबलावरून गृहीत धरू नये, ऐकून ठरवावे. रिंगोच्या त्या पहिल्या ध्वनिमुद्रणाची मूळ फीत राहिलेली नाही, आणि नंतरच्या काळात ते जेव्हा पुन्हा प्रसिद्ध करावयाचे झाले तेव्हा जुन्या तबकडीवरूनच उतरवून घ्यावे लागले. १९६२ ची लाल लेबलाची स्वच्छ प्रत का जपावी, याला याहून सबळ कारण देता येणार नाही. कानाच्या परीक्षेचे दुसरे उत्तम उदाहरण १९६७ च्या ‘पेनी लेन’चे आहे. अमेरिकेत नभोवाणी केंद्रांसाठी आगाऊ वाटलेल्या प्रतींवर गाण्याच्या शेवटी तुताऱ्यांच्या जातीच्या एका छोट्या वाद्याचे काही जादा स्वर आहेत, जे दुकानांतून विकल्या गेलेल्या तबकडीवर नाहीत.

ऐकण्याचा प्रश्न निघालाच आहे तर सुईविषयी सांगितले पाहिजे. ब्रिटनमध्ये बीटल्सची सिंगल ३० मे १९६९ रोजी निघालेल्या ‘द बॅलड ऑफ जॉन अँड योको’च्या आधीपर्यंत एकमार्गी, म्हणजे मोनो, होती; तेच त्यांचे तेथील पहिले स्टीरिओ सिंगल. मोनोच्या काळातील खाचांना गोल टोकाची, इंचाच्या हजाराव्या भागाएवढ्या त्रिज्येची सुई मानवते. स्टीरिओच्या बारीक सुईने त्या वाजतात खऱ्या, पण जुन्या जड सुयांनी घासलेल्या भागांतच ती खोल उतरते आणि खरखर वाढते. ज्या तबकडीला ‘घासलेली’ म्हणून लोक टाकून देतात ती योग्य सुईखाली पुष्कळदा नवा जन्म घेते. संग्राहकाने दोन सुया बाळगाव्यात, आणि भारतीय तबकड्यांच्या नादी लागायचे असेल तर तीन. तिसरीचे कारण पुढे येईल.

परदेशी प्रेसिंगांपैकी अमेरिकेचे क्षेत्र अत्यंत विस्तीर्ण आहे. तेथे ई.एम.आय.च्याच मालकीच्या कॅपिटॉल कंपनीने बीटल्सना प्रारंभी नाकारल्यामुळे पहिली सिंगले व्ही-जे, स्वान आणि टॉली अशा लहान कंपन्यांवर निघाली. व्ही-जेच्या १९६३ मधील ‘प्लीज प्लीज मी’वर मंडळीच्या नावातील टी एकदा अधिक पडली आहे, आणि ‘शी लव्हज यू’ स्वानच्या पांढऱ्या व पुढे काळ्या लेबलावर सापडते. टॉलीने १९६४ मध्ये काढलेले ‘लव्ह मी डू’ अँडी व्हाइटचे, तर कॅनडातील १९६३ ची तबकडी रिंगोची आहे, हे आपल्या निवडलेल्या गाण्याच्या संदर्भात आवर्जून लक्षात ठेवावे. कॅपिटॉलच्या तबकड्यांवर, नाण्यावर टांकसाळीची खूण असावी तशी, कारखान्याची खूण असते: लॉस एंजेलिसच्या प्रतींवर तारका, तर स्क्रँटनच्या प्रतींवर त्रिकोणात कामगार संघटनेची आय ए एम ही तीन अक्षरे. या अमेरिकन दुर्मीळ प्रतींच्या बनावट आवृत्त्या मात्र बाजारात मुबलक आहेत, आणि त्यांच्यावर ओळखीच्या माणसाचा सल्ला घेतल्यावाचून मोठी रक्कम खर्च करू नये. जर्मनीने जानेवारी १९६४ मध्ये पॅरिसला ध्वनिमुद्रित झालेली जर्मन भाषेतील दोन गाणी ओडिऑन लेबलावर दिली. युरोपच्या मुख्य भूमीवरील व अमेरिकेतील तबकड्यांना पुष्कळदा छायाचित्राचे वेष्टन असे. ब्रिटनमध्ये मात्र साधे कंपनीचे वेष्टन असे, आणि बीटल्सच्या सिंगलला चित्राचे वेष्टन तेथे फेब्रुवारी १९६७ मध्ये ‘पेनी लेन’ व ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’ यांनाच प्रथम लाभले. म्हणून आधीच्या ब्रिटिश सिंगलला चित्रवेष्टन ‘मूळचे’ म्हणून कोणी देऊ केले तर शहानिशा करावी.

या साऱ्या विस्तारात आपल्याला सर्वांत जवळचा आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग म्हणजे कलकत्त्याजवळच्या डमडम येथील कारखान्याच्या तबकड्या. ग्रामोफोन कंपनीचा हा कारखाना १९२८ पासून तेथे चालू होता, आणि विलायतेत गाजलेले पॉप संगीत त्यानेच या देशात पोहोचविले. डमडमच्या पंचेचाळीस फेऱ्यांच्या तबकड्या पुष्कळदा इंग्लंडहून आलेल्या धातूच्या ठशांवरून दाबलेल्या असत, त्यामुळे त्यांच्या पट्ट्यावर विलायती मॅट्रिक्स क्रमांकच आढळतात. लेबलाच्या कडेचा मजकूर मात्र येथला असतो, आणि तोच त्यांची जन्मभूमी सांगतो. पण याहून अद्भुत गोष्ट अशी की ब्रिटनने १९६० च्या सुमारास सोडून दिलेली अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची लाखेची तबकडी हिंदुस्थानात पुढेही पुष्कळ वर्षे निघत राहिली, कारण विजेवाचून चालणारे चावीचे फोनो येथे घरोघर होते. आणि त्यामुळेच बीटल्सची गाणी पार्लोफोनच्या डी पी ई या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकांखाली लाखेच्या तबकड्यांवर निघाली. ज्या मंडळीचे नाव घेताच जगाला सात इंची व्हिनाइल आठवते तिची गाणी चावीच्या फोनोवर वाजविण्याची सोय ज्या मोजक्या देशांत झाली, त्यांत आपला देश अग्रभागी आहे, आणि जगभरचे जाणते संग्राहक या तबकड्यांसाठी डोळे लावून बसलेले असतात.

अशी तबकडी मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात गठ्ठ्याच्या तळाशी सापडणे अशक्य नाही. तेथे पाहताना घाई करू नये. लाख ठिसूळ असते; तबकडी गठ्ठ्यातून ओढून काढू नये, वरच्या एकेक उचलून बाजूला ठेवाव्यात. काठापासून आत गेलेली केसाएवढी चीर डोळ्यांना दिसत नाही, पण काठावर नखाने हलकेच टिचकी दिली की शाबूत तबकडी खणखणते आणि चिरलेली बद्द वाजते. घरी आणल्यावर तिला स्पिरिट किंवा अल्कोहोलयुक्त कोणतेही द्रावण कदापि लावू नये, कारण अल्कोहोलात लाख विरघळते आणि एका पुसण्यात खाचा नष्ट होतात. ऊर्ध्वपातित पाणी व थेंबभर सौम्य साबण यांवर भागवावे आणि लेबल कोरडे ठेवावे. तिच्या रुंद खाचांना इंचाच्या तीन सहस्रांश त्रिज्येची सुई लागते. तिसरी सुई म्हटले ती हीच. व्हिनाइलच्या सुईने तिला वाजविले तर ती खाचेच्या तळाशी लोळत जाते आणि गाण्याऐवजी गोंगाट ऐकू येतो.

तबकडीची स्थिती वर्णन करण्याच्या भाषेविषयी दोन शब्द. ब्रिटिश व अमेरिकन विक्रेत्यांच्या श्रेणींची नावे सारखी भासली तरी माप निराळे आहे. अमेरिकन ‘व्हेरी गुड प्लस’ ही साधारणपणे ब्रिटिश ‘एक्सलंट’च्या तोडीची, आणि नुसती ‘व्हेरी गुड’ म्हणजे कुठेही उघडउघड खरखर करणारी तबकडी. संग्रहात एका प्रेसिंगची एकच प्रत असायची असेल तर ती ऐकण्याजोगी असावी. दुर्मीळ पण पार झिजलेल्या पहिल्या आवृत्तीपेक्षा त्याच कोरणीची चार महिन्यांनी दाबलेली स्वच्छ प्रत मी केव्हाही पसंत करीन, आणि अपवाद करावयाचा तो फक्त ज्याचे ध्वनिमुद्रणच अन्यत्र मिळत नाही अशा तबकडीसाठी.

कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने तबकड्यांची कसोटी पाहतात. दमट हवेत कागदी वेष्टनाला बुरशी धरते आणि ती खाचांत उतरते. म्हणून मूळ वेष्टन वेगळे जपावे, तबकडी आम्लरहित कागदाच्या नव्या पिशवीत घालावी, सर्व तबकड्या उभ्या ठेवाव्यात, आणि पाऊस उघडला की एकेक बाहेर काढून पाहावी. याच पाहणीच्या वेळी नोंदवही अद्ययावत करावी. प्रत्येक तबकडीला एक पान द्यावे, आणि त्यावर लेबलाचा रंग, कडेच्या ओळीचा मजकूर, कराची अक्षरे, दोन्ही बाजूंचे मॅट्रिक्स, मदर व स्टॅम्पर, मधला भाग काढता येण्याजोगा आहे की भरीव, ती कोठे व केव्हा मिळाली, आणि ऐकताना काय आढळले, हे सारे लिहून ठेवावे. दुसरी प्रत हाती येते तेव्हा या पानाची किंमत कळते, कारण दोन तबकड्यांतील फरक स्मरणाच्या हवाल्यावर कधीच ठरविता येत नाही.

ब्रिटिश प्रेसिंगांची अशी तपशीलवार नोंद तेथील संग्राहकांनी वर्षानुवर्षे खपून केली आहे. डमडमच्या पॉप तबकड्यांची तितकी झालेली नाही, आणि ती येथल्याच माणसांना करावी लागेल. ज्यांच्या घरी माळ्यावर किंवा जुन्या ट्रंकेत साठीच्या दशकातील विलायती गाण्यांच्या भारतीय तबकड्या पडून असतील त्यांना माझी विनंती आहे की त्या भंगारवाल्याच्या हाती देण्यापूर्वी एक दिवस खिडकीजवळ बसून त्यांचे लेबल आणि पट्ट्यावरचे क्रमांक उतरवून घ्यावेत, शक्य तर छायाचित्र काढावे, आणि ती माहिती सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या मुंबईतील संस्थेकडे किंवा आपल्या ओळखीच्या कोणा संग्राहकाकडे पोहोचती करावी.